बॅकहँडला स्वस्तातलं चिकट रबर: मर्क्युरी, ७२९ की हरिकेन?

टेबल टेनिसच्या बॅटला लावायचं नवं चिकट रबर आलं की आमच्या कोल्हापूरच्या हॉलमध्ये एक विधी ठरलेला असतो. वरची फिल्म काढायची, बॉल रबरवर दाबायचा आणि बॅट पालथी करायची. बॉल न पडता लोंबकळला की चारजण 'नाद खुळा!' म्हणणार आणि पाचवा त्याच रात्री तेच रबर मागवणार. बॉलचं वजन २.७ ग्रॅम. तेवढा भार पेलणं ही काही रबराची फार मोठी कर्तबगारी नव्हे, आणि त्या रबरानं तुमचा बॅकहँड (हाताची पाठ पुढं करून मारलेला फटका) चालेल का, याचं उत्तर तर त्यात मुळीच नाही. वरचा कट बघून मिसळ ठरवण्यातलाच हा प्रकार. खाली मटकी शिजली आहे का, ते कोण बघणार?

रबरातली मटकी म्हणजे स्पंज, वरच्या शीटखालचा मऊ थर. बॅकहँडसाठी चिकट रबर निवडताना नव्वद टक्के लोक वरच्या शीटवर वाद घालतात आणि स्पंज जो येईल तो घेतात. चूक तिथंच होते.

फोरहँडला (तळहात पुढं करून मारताना) अंग वळवून, खांदा मागं नेऊन, पायातून जोर लावून घाव घालता येतो. बॅकहँडला स्वतःचंच पोट आडवं येतं. बॅट मागं जाते वीतभर, आणि जोर येतो तो कोपराच्या पुढचा आणि मनगटाचा. एवढ्याशा झटक्यात कडक स्पंज दबतच नाही. बॉल वरच्या चिकट थरावर नुसता घासून जातो. मग एक तर नेटमध्ये, नाहीतर टेबलावर इतका निवांत पडतो की समोरच्याला चहा पिऊन मारता यावा. चिनी स्पंजच्या आकड्यांनी तर बरेचजण फसतात. डब्यावर ३९ किंवा ४० लिहिलेलं असतं आणि आपण म्हणतो, युरोपी ४५ पेक्षा मऊच की. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. चिनी ३९ युरोपी मापात पन्नाशीच्या जवळपास जातो.

खुद्द चिनी लोक काय करतात तेही पाहा. फान झेनडाँगनं २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक एकेरीचं सुवर्ण जिंकलं. त्याच्या फोरहँडला चिनी चिकट हरिकेन ३ आणि बॅकहँडला डिग्निक्स ०५. हे दुसरं जपानी रबर, आणि चिकट अजिबात नाही. जगातला सगळ्यात तगडा बॅकहँड असलेला माणूस तिथं कडक चिकट रबर टाळतो, आणि आपण संध्याकाळी कामावरून सुटून दीड तास खेळणारे ते हौसेनं लावतो.

मग चिकट घ्यायचंच कशाला? एक कारण पैशाचं. डिग्निक्स किंवा टेनर्जी या जपानी रबरांच्या एका शीटच्या किमतीत या यादीतली स्वस्त शीट्स चार-पाच तरी येतात. दुसरं कारण खेळातलं. आखूड पुश (बॉल खालून हलकेच ढकलणं) टेबलावर दोनदा टप्पा पडेल इतका जवळ ठेवणं, समोरच्याच्या उलट्या फिरकीच्या चॉपला मनगटानं वर उचलणं, आखूड सर्व्हिसला मनगटाच्या झटक्यानं फ्लिक करणं, या सगळ्यात चिकट रबर खरंच मदत करतं. बॉल पटकन उडून जात नाही, हाताखाली राहतो. ज्यांचा पुश नेहमी वीतभर उंच जातो त्यांना पहिल्याच दिवशी फरक कळेल.

आता पर्याय. मी तिन्ही बॅकहँडला लावून खेळलोय, एकाच पाच थरांच्या लाकडी ब्लेडवर, म्हणजे बॅटच्या फळीवर, त्यामुळं तुलना निदान एका पातळीवरची आहे.

मर्क्युरी २ हे यिनहे कंपनीचं. चिनीत यिनहे म्हणजे आकाशगंगा, म्हणून काही ठिकाणी हीच कंपनी गॅलेक्सी किंवा मिल्की वे या नावानं दिसते; गोंधळून जाऊ नका. हे रबर सॉफ्ट, मीडियम आणि हार्ड अशा तीन स्पंजमध्ये येतं आणि बॅकहँडसाठी त्यातलं फक्त सॉफ्ट आपल्या कामाचं. चिकटपणा मध्यम. बॉल लोंबकळवायच्या स्पर्धेत हे हरेल. पण छोट्या झटक्यातही बॉल स्पंजमध्ये बुडतो, आणि बॅकहँड टॉपस्पिनला (पुढं फिरत जाणाऱ्या फिरकीच्या फटक्याला) जी पकड लागते ती मिळते. ब्लॉक करताना बॅटचा कोन थोडा चुकला तरी बॉल टेबलावर राहतो. उणीव एकच: कोणी जोरात स्मॅश मारला आणि तुम्ही काउंटर करायला, म्हणजे तो उलटा मारायला गेलात की स्पंज तळाला टेकतो आणि लाकूड बोलायला लागतं. ज्यांचा बॅकहँड आधीच दणकट आहे त्यांनी मीडियम घ्यावं. मागवताना मात्र पाकिटावरचा शब्द तपासा. एका ऑनलाइन विक्रेत्यानं मला सॉफ्ट सांगून हार्ड पाठवलं होतं. मी आठवडाभर स्वतःच्या मनगटाला दोष देत बसलो, मग पाकीट वाचलं.

फ्रेंडशिपचं ७२९ सुपर एफएक्स हे तियानजिनचं. जुन्या वळणाचं, संथ, आणि पुश-ब्लॉकला अत्यंत भरवशाचं. मर्क्युरीपेक्षा जास्त चिकट, आणि स्पंज फार कडक नाही. शिकाऊ मुलांच्या बॅकहँडला मी डोळे झाकून हेच सुचवतो, कारण चूक झाली की ती बॅटची होती असं म्हणायला जागाच उरत नाही. पण टेबलापासून दोन पावलं मागं गेलात की बॉल पोचवता पोचवता दम निघतो. स्वतःहून हे रबर काही देत नाही. जेवढं घालाल तेवढंच परत. मागं सरकून रॅली खेळणाऱ्यानं याच्या वाटेला जाऊ नये.

आणि हरिकेन ३. शांघायच्या डीएचएसचं, सगळ्यांना ठाऊक असलेलं, आणि या तिघांत महाग. फोरहँडला उत्तमच. बॅकहँडला मी ते जवळजवळ पाच महिने वापरलं, कारण पैसे घातले होते. सर्व्हिसला फिरकी भन्नाट, पुश विषारी, आणि बॅकहँड टॉपस्पिन नीट बसला तर समोरचा ब्लॉक टेबलाबाहेर. 'नीट बसला तर' यातच सगळी ग्यानबाची मेख आहे. दहातले चार बसायचे. थकल्यावर दोन. शिवाय वजन. गुजरीतल्या एका मित्राच्या सराफी काट्यावर माझी दोन्ही कापलेली रबरं ठेवली: हरिकेन पन्नास ग्रॅमला टेकलं, मर्क्युरी सॉफ्ट त्याच्या चार-पाच ग्रॅम खाली. चार-पाच ग्रॅम सोन्याला मोठे, रबराला काय, असं तो हसून म्हणाला. पण बॅटच्या टोकाकडचं तेवढंसं वजन तिसऱ्या गेममध्ये मनगटाला बरोबर जाणवतं.

हरिकेनमध्ये निओ नावाचा प्रकार येतो. त्याचा स्पंज कारखान्यातच प्रक्रिया करून जरा जिवंत केलेला असतो, त्यामुळं सुरुवातीला बरं वाटतं. तो जोम हळूहळू उतरतो. मग काहीजण वरून तेल लावून पुन्हा फुगवतात. रबरावर अशी कुठलीही प्रक्रिया नियमात बसत नाही. तेव्हा त्या रस्त्यानं हिशेब मांडू नका. पॅलिओचं सीजे८००० आणि फ्रेंडशिपचं बॅटल २ ही दोन नावंही कानावर येतील. पहिल्याचा मऊ स्पंज मिळाला तर मर्क्युरीला पर्याय होऊ शकतो. दुसरं मला बॅकहँडला हरिकेनच्याच पंगतीतलं वाटलं, फक्त स्वस्त.

कोल्हापुरात खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी: पावसाळा. राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली की आमच्या हॉलमध्ये चिकट रबरवाल्यांचे चेहरे पडतात. हवेतला ओलावा रबरावर बसतो, आणि चिकट शीटवर त्याचा पातळ पडदा तयार झाला की बॉल पकडला न जाता घसरतो. टॉपस्पिन मारावा आणि बॉल सरळ नेटच्या पोटात, असं दोन-तीनदा झालं की समजायचं. हरिकेनवर हे सगळ्यात जास्त जाणवलं, कारण त्याची सगळी भिस्त वरच्या थरावर. मर्क्युरी सॉफ्टमध्ये बॉल निदान आत बुडतो, म्हणून थोडं निभावतं. सुती कोरडा रुमाल सोबत ठेवा आणि दर दोन-चार पॉइंटनी रबर पुसा. ओल्या रबरावर फिल्म चिकटवून बॅट पिशवीत कोंबू नका. आणि उन्हाळ्यात बॅट स्कूटरच्या डिकीत ठेवणाऱ्यांना तर काय म्हणावं! उन्हाळ्यात दुसरा शत्रू धूळ. चिकट रबर ती माशीच्या कागदासारखी गोळा करतं. थोडं पाणी, हलका हात, पुसून कोरडं, मग फिल्म.

चिकटवण्याबद्दल. चप्पल लाइनीत मिळणारं सोल्युशन वापरायचा मोह इथं प्रत्येकाला एकदा होतोच. गंमत म्हणजे हा शोध युरोपातही असाच लागला: १९७० च्या दशकात युगोस्लाव्हियाचा शुर्बेक आणि हंगेरीचा क्लांपार यांनी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलं आणि त्यांना दिसलं की स्पंज फुगून रबर तडतडीत होतं. पुढं कित्येक वर्षं सगळं जग तेच करत होतं. पण अशा वाफाळ द्रावणांच्या गोंदावर २००८ पासून स्पर्धांत बंदी आहे, आणि बंद खोलीत त्याची वाफ छातीत घेणं शहाणपणाचंही नाही. पाण्यातला गोंद घ्या. ब्लेडवर आणि स्पंजवर पातळ थर द्या आणि पांढरा रंग पूर्ण जाऊन पारदर्शक होईपर्यंत थांबा. जुलैत याला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ लागतो. घाई केली की कडेनं फुगे येतात. वरून दाबायला स्वयंपाकघरातलं लाटणं उत्तम, फक्त विचारून घ्या.

जाडी २.० मिलिमीटरच्या आसपास ठेवा. स्पंज, वरची शीट आणि गोंद मिळून चार मिलिमीटरच्या वर जाता येत नाही, पण बॅकहँडला त्या मर्यादेला भिडायची गरजच पडत नाही. जिल्हा स्पर्धा खेळणार असाल तर रबराच्या खालच्या कडेला आंतरराष्ट्रीय महासंघाचं चिन्ह आणि मान्यता क्रमांक आहे ना बघा. ती कडा पंचाला दिसेल अशीच मुठीजवळ ठेवायची असते. मी पहिलं रबर कापताना उत्साहात तीच उडवली होती.

तर कोणी काय घ्यावं? टेबलाला चिकटून ब्लॉक, पुश आणि अधूनमधून टॉपस्पिन असा खेळ असेल तर मर्क्युरी २ सॉफ्ट, दुसरा विचार नको. मूल नुकतंच शिकतंय आणि प्रशिक्षक स्ट्रोक घोटून घेतायत, तर ७२९. हरिकेन फक्त त्यानं घ्यावं जो बॅकहँडही फोरहँडसारखा पूर्ण अंगानिशी मारतो, रोज सराव करतो आणि पावसाळ्यात चिडत नाही. असा माणूस आमच्या हॉलमध्ये एकच आहे, आणि त्यानं कधी कोणाला रबर कुठलं घेऊ असं विचारलेलं नाही.

ऑर्डर टाकण्याआधी बॅट उलटून फोरहँडचा रंग बघा. एक बाजू काळी हवीच; दुसरी लाल किंवा २०२१ पासून चालणारे हिरवा, निळा, जांभळा, गुलाबी यांतला एखादा रंग. चिनी चिकट रबरांत काळं लालपेक्षा जास्त चिकट असतं असं बरेच खेळाडू मानतात आणि काळं फोरहँडला ठेवतात. म्हणजे बॅकहँडच्या वाट्याला बहुधा लाल येणार. माझंही लालच आहे. मर्क्युरी, सॉफ्ट. हरिकेन फोरहँडला गेलंय, आणि आता ते दहातले सात बसतात.