टोक तुटलेला वाकडा चाकू: दुरुस्तीनंतरचे सात महिने

पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता आणि माझ्या डोळे भरायच्या, म्हणजे कलम करायच्या चाकूचं टोक तुटलं. चूक माझीच. ठिबकच्या नळीतला ड्रीपर निघत नव्हता, पक्कड घरी राहिलेली, हातात चाकू होता. टक् झालं आणि तीनेक मिलिमीटर टोक मातीत गेलं.

चाकू साधा आहे. मिटणारा, कार्बन स्टीलचा, बोटाएवढं पातं, पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं. मी तो साडेतीनशे रुपयांना घेतला होता. अंबड तालुक्यात आमची मोसंबीची छोटी रोपवाटिका आहे. जंबेरी आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, न्यूसेलर जातीच्या मोसंबीचे डोळे (फांदीवरचे कोंब) भरतो. या कामात पात्याचा पोटातला भाग फांदी कापतो, पण सालीवरची खूण टोकच करतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आडवा छेद, त्याखाली इंचभर उभा छेद, आणि त्याच टोकाने साल दोन्हीकडून अलगद उचलायची. डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागू नये म्हणून आम्ही डोळा उंचावर भरतो, त्यामुळे तिथली साल कोवळी आणि पातळ. टोक बोथट असेल तर छेद पडत नाही, साल फाटते. फाटलेल्या सालीत बसवलेला डोळा आठ-दहा दिवसांत काळा पडतो.

नवा चाकू घ्यायचा सोडून मी आधी चाकू खराबच केला. गावातल्या एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर दोन मिनिटांत टोक काढून मिळालं, पैसेही घेतले नाहीत. दिसायला सुईसारखं. फक्त टोकाला मोरपंखी निळी झाक आली होती. मला ती शोभेची वाटली! दुसऱ्या दिवशी विसाव्या-पंचविसाव्या रोपाला टोक चक्क वाकलं. तुटलं नाही, वाकलं, पत्र्यासारखं.

आमच्या गल्लीत सायकलवर चाक लावून धार लावणारे शिकलगार चाचा येतात. त्यांना दाखवला. त्यांनी कानस घेऊन आधी पात्याच्या मुळाशी घासली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. मग टोकाशी घासली तर कुरकुर करत लोखंड खाल्लं. म्हणाले, "पाणी उतरलंय याचं, भाऊ. निळं तेवढं सगळं काढून टाक." पाणी म्हणजे पोलादाचा कडकपणा.

पोलाद तापत गेलं की त्यावर रंग चढतात. साधारण 220 अंशांच्या आसपास गवती पिवळा, 300 च्या जवळ निळा. निळ्यापर्यंत गेलेल्या पात्याला धार लागते, पण टिकत नाही. टोक सगळ्यात आधी तापतं, कारण तिथे धातूच नसतो उष्णता वाटून घ्यायला. म्हणजे तीन मिलिमीटर माझ्या हाताने गेलं होतं, आणखी चार ग्राइंडरने खाल्लं.

पुढचं सगळं हाताने केलं, दोन संध्याकाळी. चाचांनी एकच गोष्ट बजावली: घासायचं ते पाठीकडून, धारेला हात लावायचा नाही. याचं कारण मला चाकू मिटून पाहिल्यावर कळलं. मिटल्यावर धार मुठीत जाते आणि पाठ बाहेर राहते. धारेकडून घासलं असतं तर नवं टोक पाठीच्या रेषेवर आलं असतं, मिटलेल्या चाकूतून बाहेर डोकावलं असतं आणि खिशासकट मांडीत शिरलं असतं. शिवाय चोचीचा बाकच गेला असता. पाठ उतरती घासत धारेपर्यंत आणली की टोक जिथल्या तिथे, मुठीच्या आत राहतं.

पाठीसाठी साधा कारबोरंडमचा दगड वापरला, खरखरीत बाजूने. दहा-बारा घास, मग पाण्यात बुचकळायचा. हाताने घासून पातं निळं पडत नाही, पण मला आता धास्तीच बसली आहे. टोक जमलं, तरी पहिल्या दिवशी सालीत शिरायचं आणि अडकायचं. मागे सरकलो म्हणजे पात्याच्या जास्त जाड भागात आलो, हे लक्षातच आलं नव्हतं. मग उताराच्या बाजूने टोकाजवळचा अर्धा इंच पातळ केला.

आतल्या बाकाला सपाट दगड चालत नाही, तो दोन कडांनाच टेकतो आणि मधली धार तशीच राहते. त्यासाठी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर वॉटर पेपर गुंडाळला: आधी 400, मग 800, शेवटी 1500 नंबरचा. माझ्या चाकूला एकाच बाजूने उतार आहे, दुसरी बाजू सपाट. त्यामुळे घासायचं फक्त उताराच्या बाजूने. पलीकडे बोटाला तारेसारखी बारीक कड लागली की समजायचं धार कडेपर्यंत पोचली. ती कड सपाट बाजूने दोन-तीन हलक्या घासांत काढायची, आणि मग जुन्या कातडी पट्ट्यावर पॉलिशचा साबण लावून पातं उलट्या दिशेने ओढायचं. घास टोकाच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. टोकावरून पाइप सटकला की टोक गोल झालंच. मी दोनदा केलं.

आता सात महिन्यांचा हिशोब. ऑक्टोबरपासून रोज दोनशेच्या आसपास डोळे भरले, मधले थंडीचे दिवस सोडून, तेव्हा साल सुटतच नाही. टोक वाकलं नाही. दुपारच्या भाकरीनंतर 1500 च्या पेपरवर पाच-सहा घास, बस्स. जानेवारीत एकदा विटांवर पडून टोकाचा कण गेला, तो पंधरा मिनिटांत काढला. पातं नव्यापेक्षा सात-आठ मिलिमीटर आखूड आहे आणि टोक आधीइतकं निमुळतं नाही. माझ्या कामाला ते उलट बरं पडतं, कारण खोल जाऊन आतलं लाकूड ओरबाडत नाही. जाड फांदी मात्र पूर्वीसारखी बाकात धरली जात नाही, घसरते. छाटणीसाठी हाच चाकू वापरणाऱ्यांना ते खटकेल.

गंजाचा त्रास टोकालाच जास्त. मोसंबीत एक्झोकॉर्टिस नावाचा रोग चाकूवरून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो आणि रंगपूरचा खुंट त्याला लवकर बळी पडतो. म्हणून मातृवृक्ष, म्हणजे ज्या झाडाचे डोळे घेतो ते, बदललं की पातं सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवतो. नुसत्या स्पिरिटने तो जात नाही. पण हेच पाणी कार्बन स्टील खातं. नोव्हेंबरात एक दिवस धुवायचं विसरलो, सकाळी टोकावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. आता साध्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवतो. आधी घरातलं करडईचं तेल लावत होतो. ते हवेत वाळून चिकट होतं, बिजागरीत असं बसलं की चाकू उघडायला नख मोडलं. शिलाई मशीनचं तेल आणलं तेव्हापासून तक्रार नाही.

जालन्यातल्या एका मित्राने सुचवलं होतं, एवढ्या स्टील मिल आहेत, सळईचंच पातं बनवून घे. सळईचं लोखंड मऊ, वाकायला केलेलं, त्याला धार टिकणार कशी? त्यापेक्षा हॅक्सॉचं जुनं पातं बरं.

चाकूची लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि रिव्हेट ढिला झालाय, पातं उघडल्यावर किंचित हलतं. त्यावर हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा आहे, पण ग्राइंडरच्या अनुभवानंतर हात उचलत नाही. चाचा येतील त्या दिवशी त्यांच्याच हाती देईन.