पहिला पॅच कुठे पाठवू: रस्ट, लिनक्स कर्नल की कुबरनेटिस?

धनकवडी, कर्वेनगरकडची इंजिनिअरिंगची पोरं भेटली की हमखास विचारतात, दादा ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-सुधारता येतो अशा प्रोजेक्टमध्ये, पहिलं कॉन्ट्रिब्युशन कुठे करू, पहिला पॅच (कोडमधला बदल) कुठे पाठवू. मी म्हणतो प्रोजेक्ट किती मोठा ते नंतर बघा, तुमचा कोड तपासणार कोण हे तिथे ठरलेलं असतं का ते आधी बघा. कोड लिहून होतो हो, पण आठवडेच्या आठवडे कुणी बघत नाही आणि चांगली चांगली पोरं सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

या बाबतीत रस्ट (प्रोग्रामिंग भाषा) मला सगळ्यात बरं वाटतं. पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती) टाकला की बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, लगेच रिव्ह्यूअर (कोड तपासणारा) नेमतो, नवीन माणसाला साधारण दोन आठवड्यांत उत्तर येईल असा मेसेज येतो, आणि काम सध्या कुणाकडे अडलंय, तुमच्याकडे का रिव्ह्यूअरकडे, ते लेबलवर दिसतं. पण बदल करून नुसतं पुश (अपलोड) केलं म्हणजे झालं असं नाही, कमेंटमध्ये रस्टबॉटला ‘रेडी’ सांगायला लागतं, नाहीतर लेबल तुमच्याच नावावर राहतं आणि समोरच्याला वाटतं ह्याचं अजून चालूच आहे. दोन आठवडे उलटले तर दुसरा रिव्ह्यूअर मागा, त्यात उद्धटपणा काही नाही. कंपायलर बिल्ड करायला साधा लॅपटॉप दमतो, म्हणून सुरुवात क्लिपीपासून (रस्ट कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) करा.

लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सगळं ईमेलवर, तेही प्लेन टेक्स्टमध्ये. कुणी नेमून मिळत नाही, गेट-मेंटेनर स्क्रिप्ट चालवून त्या भागाचा मेंटेनर (कोड सांभाळणारा) कोण, कुणाला पाठवायचं ते आपणच काढायचं, त्याआधी चेकपॅच, म्हणजे पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट. आठवडाभर तरी आठवण करायची नाही, आणि नवीन व्हर्जन आल्यावर दोन आठवडे मर्ज विंडो (नवे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याचा काळ) असते, तेव्हा मेंटेनर त्यातच बुडालेले असतात, तर तेव्हा पाठवूच नका. दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते पॅचमधल्या तीन डॅशच्या (---) खाली लिहा, रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ वाचतो. मात्र एकदा उत्तर आलं की ओळ न् ओळ तपासून येतं, तसं शिकवणारं दुसरीकडे क्वचितच मिळेल. सेमच्या मध्यात हे नका घेऊ, सबमिशन आणि ओरल्सच्या गडबडीत तुमच्याकडूनच उत्तर जाणार नाही. सुट्टीत घ्या, स्टेजिंग ड्रायव्हर्सपासून (ज्यांत अजून सुधारणा हवी आहे असे ड्रायव्हर्स).

कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर ॲप चालवायची-सांभाळायची सिस्टिम) कॉलेजवाल्यांना मी पहिल्यांदा सुचवत नाही. आधी सीएलए (कॉन्ट्रिब्युटर लायसन्स ॲग्रीमेंट, म्हणजे आपला कोड वापरू देण्याचा करार), मग कुणीतरी मेंबर ‘ओके टू टेस्ट’ म्हणेपर्यंत टेस्टसुद्धा चालत नाहीत, मग एलजीटीएम (‘मला बरं दिसतंय’) वेगळं आणि अप्रूव्ह (अंतिम मंजुरी) वेगळं. 90 दिवस हालचाल नसली की बॉट ‘स्टेल’ (शिळं) असं लेबल लावतो. सिगच्या (एकेक विषय बघणारा गट) मीटिंगला हजेरी लावली की ओळख होते नि काम सरकतं, पण बऱ्याच मीटिंग आपल्याकडे रात्री असतात. हिंजवडीत नोकरीला आहात आणि रोज हेच वापरता, तर मात्र जरूर करा, फक्त काम ऑफिसच्या वतीने असेल तर कंपनीने सीएलएवर सही केलीये का ते आधी विचारून घ्या.