झेरॉक्सच्या दुकानात लिनक्स मिंट: आठ महिने वापरल्यावर

नाशिकला सीबीएसजवळ, कोर्टाच्या बाजूला आमचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. कॉम्प्युटर दोन. त्यातला जुना, सहाव्या पिढीचा आय-थ्री, विंडोज 11 च्या अटीत बसत नव्हता आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीन ठणठणीत होतं, भंगारात घालायला मन होईना. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपवाली. फुकट मिळते म्हणून टाकली, हे आधीच कबूल करतो.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्याकडे रोज सकाळी येणारे एक वकीलसाहेब आहेत, स्वतःच माउस हातात घेऊन पेनड्राइव्ह उघडतात. ते म्हणाले, "हे बरंय बघ. ते शेजारचं नवीन विंडोज काही जमत नाही मला." शेजारी खरंखुरं विंडोज 11 आहे! त्यात स्टार्टचं बटण मधोमध सरकलंय, ॲपलच्या मॅकवरच्या डॉकसारखं, म्हणजे खालच्या चित्रांच्या पट्टीसारखं. मिंटमध्ये खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. असली विंडोज मॅकसारखं नटलंय आणि जुन्या विंडोजचा चेहरा लिनक्सने सांभाळलाय. साहेबांना मी आजतागायत काही सांगितलेलं नाही.

या नकलांचं मूळ आमच्या दुकानाच्या पाटीवरच आहे म्हणा ना. खिडक्या, चित्रं, माउस हा सगळा संसार झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत 1973 च्या 'आल्टो' मशीनवर मांडला गेला. 1979 मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने तिथे जाऊन तो पाहिला, 1983 ला ॲपलचे लिसा आणि 1984 ला मॅकिंटॉश, म्हणजे मॅक, हे कॉम्प्युटर आले. 1985 ला मायक्रोसॉफ्टचं विंडोज आलं. 1988 मध्ये स्क्रीनचं रूप ढापलं म्हणून ॲपलने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. तो खटला सुरू असतानाच झेरॉक्सने ॲपलवर दावा ठोकला! दोघांच्याही हाती फारसं काही लागलं नाही. ॲपल 1994 मध्ये अपिलातही हरलं. तरी 2004 च्या ॲपलच्या संमेलनात मायक्रोसॉफ्टला (मुख्यालय रेडमंडला) चिडवणारा फलक होताच: रेडमंडकरांनो, फोटोकॉपी मशीनं सुरू करा. आम्हाला यात टोमणा कुठे आहे तेच कळेना. मशीन सुरू करणं हा तर आमचा धंदाच.

आणि उलटंही चालतं. खिडकी ओढून कडेला नेली की अर्ध्या स्क्रीनवर चिकटणं ही सोय विंडोज 7 मध्ये 2009 ला होती, मॅकला ती 2024 मध्ये सुचली. मिंटमध्येही आहे आणि माझा निम्मा दिवस तिच्यावरच जातो: डावीकडे हाताने लिहिलेल्या मसुद्याचं स्कॅन, उजवीकडे टायपिंग. कोणी कोणाचं ढापलं याच्याशी मला काय करायचंय? ढापलं नसतं तर मला आणि वकीलसाहेबांना सगळं नव्याने गिरवावं लागलं असतं.

त्रास झाला तो नक्कल जिथे अर्धवट राहिली तिथे. विंडोज-एल दाबलं की स्क्रीन लॉक होतो ही बोटांची सवय. इथे तेच दाबल्यावर प्रोग्रामर लोकांची कसलीशी खिडकी वरून खाली घसरते. पहिल्यांदा समोर गिऱ्हाईक उभं होतं, मला वाटलं मशीन गेलं. लॉकसाठी कंट्रोल-ऑल्ट-एल, आता बदलून घेतलंय. दुसरा दणका कागदाचा. सेटिंग ए-फोरवरच राहिलं आणि लीगल साइजच्या प्रतिज्ञापत्राची सहीची ओळ खालून कापली गेली. अकरा प्रती. चूक माझी, कागदही माझा.

टायपिंग करणाऱ्या ताईंना मात्र काहीच शिकावं लागलं नाही. त्या इनस्क्रिप्टवर टाइप करतात. कळफलक सरकारी प्रमाणाचा, दोन्हीकडे तोच. मराठी जोडायला पाच मिनिटं लागली, त्यातली तीन चहात गेली.

लग्नपत्रिकांचं काम मात्र मिंटवर होत नाही. डिझाइनचं कोरलड्रॉ लिनक्सवर येत नाही आणि त्याच्या बदल्यात फुकटचं इंकस्केप वापरा म्हणणाऱ्याने आमच्या गिऱ्हाइकांच्या दहा वर्षांपूर्वीच्या फायली एकदा उघडून दाखवाव्यात. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टातला मजकूर, तो फॉन्ट मशीनवर नसेल तर नुसती अक्षरांची भेळ. हिशेबाचं टॅलीही विंडोजवरच. त्यामुळे शेजारचं मशीन काढून टाकता येणार नाही आणि लग्नसराईत त्याच्यासमोर रांग लागते.

बाकी सातबारा काढणं, ऑनलाइन फॉर्म, स्कॅन, पीडीएफ जोडणं सगळं मिंटवर होतं. प्रिंटर जोडताच ओळखला, ड्रायव्हरची सीडी शोधावी लागली नाही. अपडेटसाठी मशीन स्वतःहून बंद होत नाही. मी म्हणेन तेव्हाच. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खणलेला आहे, दुपारी गिऱ्हाईक तुरळक, त्या वेळात मिंटमधल्या टाइमशिफ्ट प्रोग्रामने सिस्टीमचा बॅकअप घेऊन ठेवतो. या आवृत्तीला 2029 पर्यंत सपोर्ट आहे. तोवर आमच्या प्रिंटरचा ड्रम दोनदा तरी बदलावा लागेल.