जिल्हा परिषदेचा गट लढवायचाय, पण युतीत का स्वबळावर?

भाऊ, परवा फोनवर विचारलास तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय.

युतीचा फायदा सरळ आहे, मतं फुटत नाहीत. नांदेडची २०१९ ची लोकसभा आठव, काँग्रेसकडून अशोक चव्हाण ४० हजाराच्या आसपास मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवारानं दीड लाखाच्या वर घेतली होती. ती सगळी काँग्रेसलाच पडली असती असं छातीठोक कुणी सांगू नये, तरी पारावर हाच हिशोब चालायचा. त्याच निवडणुकीत औरंगाबादेत वंचित अन् एमआयएम सोबत होते तर इम्तियाज जलील साडेचार हजारानं निघाले, आणि विधानसभेच्या निवडणुकीआधीच जागावाटपावरून ती युती मोडली पण.

स्वबळावर काय, तर तिकिटासाठी कुणाच्या दारात बसायला नको, चिन्ह वाडी-तांड्यावर जातं. २०१४ च्या विधानसभेला भाजप, शिवसेना, काँग्रेस, राष्ट्रवादी चौघं वेगळे लढले, भाजपच्या १२२ आल्या, तरी शेवटी शिवसेनेला सोबत घ्यावंच लागलं. १९९९ ला तर काँग्रेस-राष्ट्रवादी आधी एकमेकाविरुद्ध लढले, मग एकत्र बसले आणि आपले लातूरचे विलासराव मुख्यमंत्री झाले. पण हे नंतरचं जुळवणं निवडून आलेल्याचं असतं, पडलेल्याला कोण विचारतंय.

युतीत खरी मेख खाली आहे. वरचे नेते फोटोत हात उंचावतात अन् मित्रपक्षाची पोरं जेवणाला येतात, गमजा घालतात, मतदानादिवशी मात्र आपल्या बूथच्या टेबलावर एक पण दिसत नाही. शिवाय शब्दाचा घोळ. आमच्या ग्रामपंचायतीत तीन गटांचं पॅनल केलं होतं, उपसरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं असं वहीच्या पानावर लिहून सह्या पण झाल्या, अडीच वर्षांनी पहिला म्हणतो राजीनामा कशाचा, आणि ते पान ज्याच्याकडं होतं तो त्याचाच चुलता निघाला. मुंबईत २०१९ ला शिवसेना-भाजपचं मुख्यमंत्रिपदाच्या अडीच वर्षांवरूनच फाटलं तेव्हा आम्हाला काही नवल वाटलं नाही.

माझं विचारशील तर तुझ्या गटात युतीच कर, तुझी स्वतःची मतं दोन गावांच्या पुढं जात नाहीत, राग मानू नको. फक्त मागच्या वेळचे बूथवार आकडे काढ, जिथं मित्रपक्षाची मतं जास्त तिथली पोरं आत्ताच धर. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, हातात येईस्तोवर बॅनर छापू नको. त्यांच्या तालुकाध्यक्षाकडं तूच आधी जा, मी पण येतो, रविवारी मोकळाच आहे.