फ्लॅट वायपर ब्लेडची जोडी: बडोद्याच्या गाडीला कोणती घ्यावी, घरी कशी बसवावी

बडोद्यात वायपरचं रबर पाऊस यायच्या आधीच मेलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, उन्हात उभ्या गाडीची काच त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि त्या काचेवर रबराची बारीक कड महिनोन् महिने एकाच कुशीवर पडून राहते. वायपर परतीच्या फेऱ्याला लागला की ही कड दुसऱ्या बाजूला वळायला हवी. तापून कडक झालेली कड वळत नाही, काचेवर उड्या मारते. जूनच्या उत्तरार्धात पहिली सर येते आणि दांडिया बाजारापासून अलकापुरीच्या गरनाळ्यापर्यंत (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यापर्यंत) निम्म्या गाड्यांच्या काचा खरखरायला लागतात.

म्हणून ब्लेड कोणतं घ्यावं याच्याही आधी कधी घ्यावं ते ठरवा. मार्चमध्ये सर्व्हिसिंगबरोबर बसवलेली नवी जोडी अख्खा उन्हाळा भाजून निघते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बसवलेली जोडी गणपती-नवरात्र व्यवस्थित पार करते. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, इथल्या हवेत एका जोडीचं आयुष्य एक पावसाळा धरावं. दुसरा पावसाळा निघाला तर तो नफा.

दुकानात तीन प्रकार मिळतात. पहिला जुना, पत्र्याच्या कमानीचा. त्याच्या सांध्यांत धूळ आणि गंज बसला की कमान आखडते, रबर फक्त मधोमध दाबलं जातं आणि दोन्ही टोकांना पाणी राहतं. दुसरा फ्लॅट: कमान नाही, सांधे नाहीत, रबराच्या पाठीत स्प्रिंगसारखी पोलादी पट्टी. तिसरा सिलिकॉनचा, म्हणजे फ्लॅटच, पण रबराऐवजी सिलिकॉन. तो उन्हाला जास्त दाद देत नाही हे खरं. मात्र काच अगदी स्वच्छ नसेल तर सुरुवातीला बराच थरथरतो, आणि किंमत जवळपास दुप्पट. रोज झाडाखाली गाडी लावणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. झाडावरून ठिबकणारा चिकट थर काचेवर असताना महाग ब्लेडही फराटेच ओढतं.

आमचा कौल मधल्या किमतीच्या फ्लॅट जोडीला. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर १०० च्या वेगाने जाताना पत्र्याची कमान वाऱ्याने उचलली जाते, फ्लॅट काचेला चिकटून राहतं. ट्रकच्या मागचा चिखलाचा फवारा काचेवर आला की हा फरक लगेच कळतो. एक खोट मात्र आहे. फ्लॅटचा बाक कारखान्यातच ठरलेला असतो. काच जास्त गोलाईची असेल तर टोकाचे दोन-तीन इंच अधांतरी राहतात. तपासायला वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी पुरते. ब्लेड काचेवर टेकवून पट्टी टोकाखाली सरकवायची आणि ओढायची. अडकत अडकत आली तर ठीक, आपसूक निसटली तर त्या गाडीला कमानीचंच ब्लेड बरं.

माप घेताना जुन्या ब्लेडचं रबर टोकापासून टोकापर्यंत शिवणाच्या टेपने मोजा. २४ इंच म्हणजे ६०० मिलिमीटर, २१ म्हणजे ५३०, १८ म्हणजे ४५०, १६ म्हणजे ४००. दोन्ही बाजू बहुतेक गाड्यांत सारख्या नसतात. ड्रायव्हरकडचं सहसा लांब असतं. एक इंच आखूड चालेल, काचेवर बोटभर पट्टा कोरडा राहील इतकंच. लांब घेतलं तर दोन ब्लेड एकमेकांवर आपटतात किंवा टोक काचेच्या कडेच्या रबरावर चढतं. काउंटरवर ‘कई गाडी, कयुं मॉडेल?’ एवढंच विचारून हातात पाकीट दिलं जातं. मॉडेल सांगा, पण वर्षही सांगा आणि टेपचं मापही. त्याच नावाच्या गाडीची काच नव्या पिढीत बदललेली असते.

ब्लेड ज्या दांडीला अडकतं तिचं टोकही पाहून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ते छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं असतं, त्याला यू हूक म्हणतात. त्याची पट्टी ९ मिलिमीटर रुंद, आणि जाडी ३ किंवा ४. जाडी जुळली नाही तर क्लिप सैल बसते आणि प्रत्येक फेऱ्याला टक् टक् वाजतं. काही गाड्यांत हूकऐवजी बटणाची किंवा आडव्या पिनेची जोडणी असते. पाकिटातल्या चार-पाच प्लास्टिकच्या तुकड्यांपैकी एक तिला बसतो का, हे पैसे देण्याआधी बघा.

बसवायला दहा मिनिटं लागतात, हत्यार काहीच नाही. काचेवर जाड टॉवेल दुहेरी घडी करून पसरा. ही पायरी टाळू नका: दांडीची स्प्रिंग जोरदार असते, ब्लेड काढलेली उघडी दांडी हातातून सुटली तर लोखंडी हूक थेट काचेवर बसतो, आणि आठशे रुपयांच्या कामात पुढची काच जाते. आता दांडी उभी करा. ती बोनेटला अडत असेल तर वायपर सर्व्हिस पोझिशनला आणावे लागतात. बऱ्याच गाड्यांत चावी बंद केल्यावर लगेच स्टिअरिंगजवळचा वायपरचा खटका दाबला की ते काचेच्या मध्यावर थांबतात; नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

ब्लेड दांडीशी काटकोनात फिरवा, मधली छोटी कळ दाबून धरा आणि ब्लेड दांडीच्या मुळाकडे, म्हणजे खाली, सरकवा. इथेच लोक चुकतात. वर ओढत बसतात आणि क्लिप मोडतात. हूकच्या बाकातून सुटलं की बाजूला काढून घ्या. नव्याची टोपी उघडून हूक आत घाला, ब्लेड वर ओढा, ‘टक्’ आवाज आला की टोपी बंद. हाताने हलवून बघा. मग रबराच्या कडेवरची प्लास्टिकची पातळ पन्नी काढा. ती तशीच ठेवून ‘माल खराब आहे’ म्हणत दुकानात परत येणारे कमी नाहीत. दांडी हाताने धरून हळू टेकवा आणि आधी पाणी मारून मगच वायपर चालवा. नव्या रबरावर ग्रॅफाइटचा काळा थर असतो, कोरड्या काचेवर तो पहिल्याच दिवशी घासून जातो. पेट्रोल-थिनरने पुसलं तरी तेच.

नवं ब्लेडही नीट पुसत नसेल तर खुणा वाचाव्यात. बारीक रेघा म्हणजे कडेला खडा किंवा कचरा. ओल्या फडक्याने कड एकदा पुसा. फेरा गेल्यावर धुरकट थर राहतो आणि दोन-तीन सेकंदांत विरतो, तेव्हा दोष काचेचा: डिझेलची काजळी, पॉलिश किंवा वॉशिंगवाल्याने मारलेलं मेण. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसली की जातो. खरखर एकाच दिशेने होत असेल तर दांडी पिळलेली आहे, रबर काचेला काटकोनात उभं राहत नाही. हे काम गॅरेजवाल्याकडे द्या. दोन्ही दिशांनी होत असेल तर आधी काच धुवा, मग ब्लेडवर शंका घ्या.

वॉशरच्या टाकीत बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार काचेवर पांढरे ठिपके धरतात आणि नोझलची भोकं बुजवतात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी तर त्याहून जड. पाणी वाचवायच्या नादात बरेच जण तेच भरतात.

भाव ढोबळ धरायचे तर कमानीची जोडी ३०० ते ४५०, चांगली फ्लॅट ६०० ते १,०००. नुसतं रबर बदलायचा पर्यायही आहे, शंभराच्या आसपास. कमान सरळ आणि सांधे मोकळे असतील तर जरूर बदला. जुन्या रबरातल्या दोन पोलादी पट्ट्या मात्र टाकू नका, नव्याला त्याच घालायच्या असतात, आणि काढताना त्यांचा बाक कुठल्या बाजूला होता ते लक्षात ठेवा. सिग्नलवर विकायला येणारी जोडी घेऊ नका. मागच्या काचेचं ब्लेड प्रत्येक मॉडेलचं वेगळं, तिथे अ‍ॅडॅप्टरची खटपट नको, मॉडेलनुसारच मागवा.

आमच्याकडून मधल्या किमतीच्या फ्लॅटला १० पैकी ८. एक गुण टोकांसाठी कापला, एक उन्हासाठी. जुनी जोडी पहिला चांगला पाऊस होईपर्यंत डिकीत राहू द्या. नवी खडखडली तर जुनी परत लावून बघता येतं: तीही तशीच खडखडली, तर दुकानदाराशी भांडायचं कारण नाही, दांडी तपासायची.