आर्सेनिकयुक्त भूजल: शुद्धीकरणाची कोणती पद्धत निवडावी?

पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. आपल्या कूपनलिकेचे पाणी ती ओलांडते असे कळले, तर यंत्रांची चौकशी करण्याआधी पाण्यात लोह, फॉस्फेट, सिलिका आणि सल्फेट किती आहे व सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता) किती आहे, हेही तपासून घ्यावे, कारण निवड बरीचशी त्यावरच ठरते. पाणी उकळण्याचा उपयोग नाही; वाफ निघून जाते आणि आर्सेनिक उरलेल्या पाण्यात अधिक दाट होते.

भूजलात आर्सेनिक दोन रूपांत आढळते. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात बहुतांशी आर्सेनाइट असते आणि नेहमीच्या सामूला त्यावर विद्युतभार नसल्याने ते बहुतेक पद्धतींना सहज चकवते. भारित आर्सेनेट मात्र चांगले पकडले जाते. म्हणून आधी क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट वापरून ऑक्सिडीकरण करून, म्हणजे आर्सेनाइटचे आर्सेनेट करून घ्यावे लागते. नुसती हवा खेळवल्याने हे काम फार संथ होते.

घरासाठी खरी स्पर्धा लोहाधारित अधिशोषक माध्यम (आर्सेनिक आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारे दाणे) आणि आरओ (दाबाने सूक्ष्म पटलातून पाणी गाळणारे यंत्र) यांच्यात आहे. फेरिक हायड्रॉक्साइडच्या दाण्यांची गाळणी विजेशिवाय चालू शकते, पाणी वाया घालवत नाही आणि आर्सेनाइटही काही प्रमाणात धरून ठेवते. परंतु फॉस्फेट व सिलिका त्याच जागा अडवत असल्याने, ते जास्त असलेल्या पाण्यात माध्यम अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होते. आरओ क्षार, फ्लोराइड आणि नायट्रेटही कमी करतो, मात्र आर्सेनाइट त्यातून बऱ्यापैकी निसटते, आणि ते बदलण्यासाठी घातलेले क्लोरीन पटलालाच मारक ठरत असल्याने मध्ये कार्बनची गाळणी बसवावी लागते. शिवाय बरेच पाणी सांडपाणी म्हणून जाते. त्यामुळे पाणी खारट असेल किंवा त्यात इतरही दोष असतील तर आरओ घ्यावा. आर्सेनिक हीच एकमेव अडचण असेल तर माझा कल लोहाधारित माध्यमाकडे आहे. दोन्हींत केवळ पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी शुद्ध केले तरी चालते.

वस्तीसाठी फेरिक क्लोराइड घालून साका बसवणे आणि तो वाळूतून गाळणे स्वस्त पडते, पण रोज मात्रा मोजणारा माणूस हवा. तुरटीही चालते, पण सामूच्या अरुंद पट्ट्यातच. पाण्यात मुळातच आर्सेनिकच्या किमान वीसपट लोह असेल, तर ऑक्सिडीकरण व गाळण यांवरच बरेच काम भागू शकते. सक्रिय ॲल्युमिना या दुसऱ्या अधिशोषक माध्यमाला साधारण ५.५ ते ६ सामू मानवतो, जो भूजलात क्वचितच असतो. आयन विनिमयाचा (रेझीनच्या मण्यांवर आर्सेनेटची दुसऱ्या आयनाशी अदलाबदल करण्याचा) विचार सल्फेट कमी असेल तरच करावा, अन्यथा भरलेले रेझीन साठलेले आर्सेनिक एकदम सोडू शकते.

आर्सेनिकला रंग, वास किंवा चव नाही, त्यामुळे गाळणी संपल्याचे पिणाऱ्याला कळत नाही. आरओसोबत मिळणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मापकही इथे उपयोगाचा नाही, कारण तो मिलिग्रॅममध्ये मोजतो आणि धोका मायक्रोग्रॅममध्ये असतो. कोणतीही पद्धत घेतली तरी ठरावीक काळाने शुद्ध केलेल्या पाण्याची प्रयोगशाळेतील तपासणी आणि आर्सेनिकने भरलेला गाळ किंवा माध्यम सुरक्षितपणे टाकण्याची सोय, हे दोन खर्च यंत्राच्या किमतीत आधीच धरावेत.