निकोटिनचं च्युइंगम: दीड महिना चावून पाहिलं

सिगारेट सोडायची म्हणून लातूरला गंजगोलाईतल्या मेडिकलवरून २ मिलिग्रॅमच्या गमचं पाकीट आणलं. पहिल्या दिवशी येड्यावानी कचाकचा चावलं. घसा जळला अन् उचकी थांबेना. आडतीवरचे हमाल हसून बेजार. खरी रीत अशी: सावकाश चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. अन् चहा पिऊन पंधरा मिनिटं तरी थांबायचं, नाहीतर निकोटिन नीट भिनत नाही. आमची तलफ नेमकी चहासोबतच, आता बोला! अशाच एका दुपारी सिगारेटच्या पाकिटावर छापलेला, तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ नंबर लावला. फुकट आहे, बोलण्यात तलफेची वेळ टळली. गमची चव पुदिन्याची म्हणे. मला ओल्या राखेची लागली. पाचपैकी साडेतीन. दुसरं पाकीट आणलंय.